तांबीला घर शिकवणं: नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

१२ जानेवारी, रविवार

पिल्लू आज घरी आलं. मादी आहे, अंग तांबडं अन् चारही पंजे पांढरे, गुड्डीनं गाडीवरच नाव ठेवून टाकलं, तांबी. गावठीच आहे, ह्यांच्या मित्राच्या शेतातल्या कुत्रीची, दिवाळीनंतर दोनेक आठवड्यांनी झालेली. आठ आठवडे भरेपर्यंत आईपासून तोडू नका असं मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, कारण पिल्लू चावायचं किती अन् थांबायचं कुठं हे आई अन् भावंडांतच शिकते, शिवाय तीन आठवड्यांचं झालं की आपल्या झोपायच्या जागेपासून बाजूला जाऊन शू करायची सवय त्याला आपोआप लागते. म्हणजे घरात घाण न करण्याचं बी तिच्यात आधीच आहे, आपल्याला फक्त "घर" कुठपर्यंत हे तिला समजावून द्यायचं आहे.

आमच्याकडे कुत्रं कोणी घरात झोपवत नाही, अंगणातच असते. पण आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला लागून. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, वाघाचं सोडा, बिबट्याला कुत्रं म्हणजे सगळ्यात सोपी शिकार. एवढंसं पिल्लू रात्री अंगणात बांधणं मला जमणारच नाही. म्हणून ती घरात झोपणार, अन् घरात झोपणार तर घरात शू-शी नाही हे तिला शिकवावं लागणार, म्हणून ही वही.

घराची रचना लिहून ठेवते म्हणजे पुढचं समजेल. समोर सपरी म्हणजे ओसरी, मधात मोठी खोली, बाजूला सैपाकघर जे अजून सारवणाचं आहे, मागं मोरी, मग मागची वाडी, तिला तारेचं कुंपण, वाडीतच कोठा म्हणजे गुरांचा गोठा अन् निंबाचं झाड. मोठ्या खोलीत सध्या कापूस भरून आहे.

१३ जानेवारी

जागा ठरवली. निंबाच्या मागं, कुंपणाच्या आतल्या कोपऱ्यात, दोन घमेले वाळू टाकली. रस्त्यावर न्यायचं नाही असं सगळ्यांना बजावून ठेवलं, अजून लस झाली नाही अन् गावातली कुत्री जिथं हिंडतात तिथल्या मातीत पार्वोचा विषाणू महिनोन्‌महिने टिकून राहते, ऊन-पाऊस खाऊनही. पार्वो लागला की रक्ताची संडास अन् दोन-चार दिवसांत पिल्लू जाते, मागच्या वर्षी आमच्या गल्लीत हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

वेळा अशा: झोपून उठली की, जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळून झालं की, अन् मधात काहीच नसलं तरी दीड-दोन तासांनी. दोन महिन्यांच्या पिल्लाला त्याहून जास्त धरवतच नाही, तेवढी ताकदच नसते त्याच्यात अजून. महिना वाढला की साधारण एकेक तास वाढतो म्हणतात.

शब्द एकच, "शू". मामाजी, म्हणजे माझे सासरे, "चाल बाहीर" म्हणतात, गुड्डी गाणं म्हणते, हे "चलो चलो" करतात, असं चार जणांचं चार प्रकारचं चाललं तर त्या जिवानं काय समजायचं. सगळ्यांनी कबूल केलं.

१४ जानेवारी, संक्रांत

वाणाला बाया आल्या, प्रत्येकजण "ई बाई किती गोड" करून वाकते अन् तांबी लगेच पाठीवर पडून पाय वर अन् शू. फरशीवर, पायपुसण्यावर, एकीच्या पदरावर पण. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तापल्या. पण ही शू वेगळी आहे हे मला इथं स्पष्ट लिहून ठेवायचं आहे. ही घाण नाही, ही तिची भाषा आहे, "मी लहान आहे, मला काही करू नका" असं ती मोठ्यासमोर सांगते. यासाठी रागावलं तर ती अजून घाबरते अन् अजून करते. उपाय म्हणजे घरात शिरणाऱ्यानं तिच्याकडे पाहायचं नाही, वरून वाकायचं नाही, ती शांत झाली की बाजूला उकिडवं बसून छातीखालून हात लावायचा. वय वाढलं की बहुतेक पिल्लांचं हे आपोआप सुटते.

ह्यांना सांगणं सगळ्यात कठीण गेलं, कारण गाडीचा आवाज आला की ती धावते अन् ह्यांना तिला उचलायचंच असते. आता नियम असा की गाडी लावून सरळ वाडीत जायचं, ती मागं येते, वाळूवर शू करते, मग काय ते लाड.

१६ जानेवारी

कापूस. हे होणार हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं म्हणून खोलीच्या दाराला फळी लावून ठेवली होती, पण फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचा, शेवटचा वेचा आणून टाकताना मजुरांनी फळी काढली अन् तेवढ्यात ती आत. ढिगावर चढली, दोन गोल फिरली, बसली, झालं.

पिल्लाला मऊ अन् शोषून घेणारी जागा आवडते. फरशीवर शू केली की पायावर उडते, पोटाला लागते, कापसात लगेच जिरते. अन् याच वयात, साधारण आठव्या-नवव्या आठवड्यात, पायाखाली काय लागलं की शू करायची हे त्याच्या डोक्यात पक्कं बसते. आत्ता कापूस बसला तर पुढं गादी, गोधडी, गुड्डीची शाळेची बॅग सगळं तेच.

मामाजी काही बोलले नाहीत पण चेहरा दिसत होता. खाजगीवाले हमीभावाच्या खाली मागून राहिले, लांब धाग्याचा यंदाचा (२०२४-२५) हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल, म्हणून कापूस सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, नंबरसाठी घरातच थांबवला आहे. तिथं ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत, आठच्या वर गेला की कपात. पिवळा डाग पडलेला कापूस तर प्रतवारीतच मार खाते. मी भिजलेला सगळा भाग हातानं खोदून काढला, खालपर्यंत, ओल किती खोल गेली ते बोटानं पाहत पाहत, वरून दिसते त्याच्यापेक्षा लय खोल जाते. काढलेला एक पुंजका नेऊन वाळूत पुरला, थोडा वर राहू दिला. संध्याकाळी तांबीला तिथं नेलं, नाक खाली, वास घेतला, शेपटी ताठ, अन् तिथंच बसली. उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिथल्या तिथं तोंडात. घरात येऊन दिला तर तिला वाटते घरात आल्याचं बक्षीस आहे, दोन-तीन सेकंदांच्या आतच द्यावा लागते.

कापसाची खोली बंद ठेवायचं अजून एक कारण लिहून ठेवते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असते, रवंथ करणारं मोठं जनावर ते बऱ्यापैकी पचवते, कुत्र्याच्या मात्र हृदयावर जाते. पिल्लू दिवसभर काही ना काही चावत असते, तर सरकी अन् ढेप (सरकीची पेंड) दोन्ही तिच्या तोंडापासून लांब. कोठ्यातलं ढेपेचं पोतं वर माळ्यावर गेलं.

१९ जानेवारी

दूध बंद. आत्याबाई मायेनं वाटीभर दूध-पोळी देत होत्या अन् संडास पातळ, पातळ झाली की तिला कळायच्या आधीच होऊन जाते, मग शिकवणार काय. आता भाकर, वरणाचं नुसतं पाणी काढून घट्ट डाळ, भात, अंडं, कांदा-लसूण अजिबात नाही. दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी, पंधरा मिनिटांत नाही खाल्लं तर ताटली उचलायची. आत गेलं की बाहेर यायची वेळ पण बांधून जाते. पाणी मात्र कायम ठेवलेलं.

जंताचं औषध दिलं, वजन करून डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. पहिली लस पण झाली, वर्ध्याहून आणली, थर्मासमध्ये बर्फ टाकून, कारण ती दोन ते आठ डिग्रीतच ठेवावी लागते. गरम झालेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

२३ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी सैपाकघरात तिनं शी केली, आत्याबाईंनी तिला मानेला धरलं, नाक त्यात घासलं अन् वरून खराट्याचा फटका. मी मोरीतून धावत आले तेव्हा ती थरथरत होती. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घरी असंच करत होते, दोन फटक्यांत शिकते." मी म्हटलं, "आत्याबाई, शिकते खरं, पण काय शिकते ते पाहू."

दुपारी ती दिसेना. सगळीकडे शोधलं. गव्हाच्या कोठीच्या मागं, भिंत अन् कोठीच्या सापटीत ओलं. तिथं ती आधी कधीच गेली नव्हती. मग संध्याकाळी मी तिला वाळूवर नेलं तर माझ्यासमोर करेचना, माझ्याकडे पाहते अन् उभी. घरात आणलं, मी वळले, खाटेखाली शू. म्हणजे तिनं घरात करू नये असं शिकलंच नाही, माणसासमोर करू नये असं शिकलं. आता तिला बाहेर नेऊन शाबासकी द्यायची संधीच गेली, कारण आपण उभं असताना ती करणारच नाही.

मी आत्याबाईंना हात धरून कोठीमागं नेलं, बॅटरी लावून दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तर आपल्याले दिसन तरी कसं." बस, त्यानंतर घरात हात उगारणं बंद. आता घरात करताना दिसली तर एकदा टाळी, "ए तांबी", उचलून सरळ वाळूवर, उरलेलं तिथं केलं तरी अंडं. करून मोकळी झाली असेल तर काही बोलायचं नाही, पुसून घ्यायचं. दहा मिनिटांपूर्वीच्या गोष्टीवरून ओरडलं तर ती गोष्ट अन् ते ओरडणं तिच्या डोक्यात जुळत नाही.

२४ जानेवारी

पुसायचं कसं. फिनाईल बंद, त्यानं पिल्लाचे पंजे अन् जीभ पोळते, ती चाटत असते. अमोनियावालं क्लीनरही नाही, शूमध्ये तोच वास असते, तिला वाटेल इथं आधी कोणीतरी केलं आहे. फरशीवर आधी फडक्यानं दाबून शोषायचं, मग पांढरं व्हिनेगर अन् पाणी निम्मं निम्मं, सुकलं की खायचा सोडा टाकून झाडायचं. सारवलेल्या जमिनीला हे चालत नाही, ती पिऊन घेते. तिथं खुरप्यानं वरचा थर खरडून बाहेर फेकला, उन्हाची तिरीप येऊ दिली अन् आत्याबाईंनी नव्यानं सारवलं. कोठीमागं पण. त्यानंतर ती त्या सापटीत गेली नाही.

२७ जानेवारी

रात्र. संत्र्याचं एक कॅरेट रिकामं होतं, त्यात बारदाना अन् माझं जुनं लुगडं, माझ्या खाटेला लावून. एवढंच मोठं की ती वळून झोपू शकेल. जागा मोठी असली तर एका कोपऱ्यात झोपते अन् दुसऱ्या कोपऱ्यात शू करते. उतरावंसं वाटलं की कुंईकुंई करते, मला जाग येते.

रात्री बाहेर नेताना घाईनं दार उघडायचं नाही. आधी वाडीतला बल्ब, मग बॅटरी कुंपणभर फिरवायची, कोठ्यातली जनावरं शांत आहेत का ते ऐकायचं, मग तिला उचलून न्यायचं, दोरी हातात. मागच्या आठवड्यात पलीकडच्या शेतात बिबट्याचे पंजे दिसले. ह्यांची ओलिताची लाईन, म्हणजे शेतीची वीज, रात्रीची असली की ते एक-दीडला मोटर सुरू करायला उठतातच, तेव्हा ते नेतात. रात्री खेळायचं नाही, बोलायचं नाही, शू झाली की परत कॅरेट. नाहीतर तिला रात्री उठवून खेळायची चटक लागते.

२ फेब्रुवारी

सगळ्यात मोठा फरक आत्याबाईंनी पाडला अन् हे मी मनापासून लिहिते. त्या वर्षानुवर्षं पाचच्या आत उठतात, सडा टाकतात, सारवतात, चूल पेटवतात. त्यात कधी मागंपुढं होत नाही, लग्न असो की पाऊस. आता उठल्या की आधी तांबीला वाडीत नेतात अन् मग सडा. माझी वेळ कधी पाच, कधी साडेपाच, गुड्डीची परीक्षा असली की अजून काही, आत्याबाईंची घड्याळासारखी पक्की. पिल्लाच्या पोटानं त्यांची वेळ धरली. सकाळची शी आता वाळूवरच होते, घरात सकाळी काही सापडत नाही.

आज त्या तिच्याशी बोलताना ऐकल्या, "कर वं माय, कर, थंडी आहे, लौकर कर." शब्द "शू" ठरला होता, पण जे जुळलं ते जुळू देते, सकाळची वेळ त्यांची.

९ फेब्रुवारी

खुणा ओळखायला गुड्डी माझ्यापेक्षा हुशार निघाली. खेळता खेळता एकदम थांबणं, नाक जमिनीला लावून भरभर वास, एकाच जागी गोल, मागच्या दाराकडे पाहणं. गोल फिरायला लागली की वेळ फारच कमी. आम्ही घरात कामात असलो की तिला चार-पाच हाताच्या दोरीनं खाटेच्या पायाला बांधतो, म्हणजे नजरेआड जाऊन करत नाही. मी भाजी निवडत असते, ती तिथं, मला सगळं दिसते.

पोळ्याच्या साजातली घुंगरं काढली, मागच्या दाराला सुतळीनं टांगली, तिच्या नाकाच्या उंचीवर. बाहेर नेताना दर वेळी तिचं नाक लागेपर्यंत थांबायचं, वाजलं की दार उघडायचं.

१८ फेब्रुवारी

इतके दिवस चांगलं चाललं होतं अन् काल-आजपासून घरात ठिकठिकाणी थेंब थेंब. सपरीत, दाराशी, कॅरेटमध्ये सुद्धा, जिथं तिनं कधीच केलं नव्हतं. मामाजी म्हणाले विसरली. मला ते पटलं नाही, कारण ती बसते, जोर लावते, थोडंसं येते, परत दोन पावलांवर बसते, मागून चाटत राहते. शिकलेलं पिल्लू एकाएकी असं करायला लागलं तर आधी दवाखाना, शिस्त नंतर. सकाळची पहिली शू स्वच्छ बाटलीत धरली अन् घेऊन गेलो. लघवीच्या जागेचं इन्फेक्शन निघालं, माद्यांमध्ये हे जास्त होते. गोळ्या दिल्या अन् बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा म्हणाले. रेबीजची लस वयाप्रमाणे आता द्यायचीच होती, तीन महिने पूर्ण झाले, पण डॉक्टर म्हणाले आधी हे बरं होऊ द्या, पहिल्या लसीचा दुसरा डोस अन् रेबीज नंतर घेऊ.

या दिवसांत तिला कोणी काही म्हणायचं नाही. दुखत असेल तिला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

थेंब बंद. घुंगरं आज तिनं स्वतः वाजवली. आम्ही सगळे फराळाला बसलो होतो, साबुदाण्याचा वास, तरी ती उठून मागच्या दारी गेली, नाकानं एकदा ढुशी, आवाज ऐकून कान मागं घेतले, आमच्याकडे पाहिलं, परत ढुशी. गुड्डी ताट सोडून धावली. वाळूवर जाऊन शू केली. गुड्डीला मी नंतर सांगितलं की आता पुढं ती खेळायला जायचं म्हणून पण वाजवेल, तेव्हा दार उघडायचं, वाळूवर न्यायचं, थोडा वेळ थांबायचं, नाही केलं तर परत घरात. घुंगराचा अर्थ एकच राहू द्यायचा.

१४ मार्च, धुळवड

दोन्ही लसी होऊन गेल्या. आज दिवसभर तिला आतल्या खोलीत ठेवलं, पोट्टे रंग अन् पिचकाऱ्या घेऊन हिंडत होते, रासायनिक रंग अंगावर पडला की ती चाटते. दर दोन-तीन तासांनी मागच्या दारानं वाळू. आता ती दिवसा चार तास सहज धरते, रात्री आत्याबाई उठेपर्यंत.

कापूस गेला. खोली धुऊन काढली, तिला मोकळ्या खोलीत आधी दोरीनं फिरवलं, तिचं ताट काही दिवस तिथंच ठेवलं. जिथं ती खाते तिथं ती घाण करत नाही, म्हणून नव्या खोलीला "घर" करायचा हा सोपा मार्ग.

६ एप्रिल, रामनवमी

ऊन लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या पाणी कमी पाजा म्हणजे शू कमी होईल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे अजिबात करायचं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करते, त्याला पाणी लागतेच. मातीच्या परळात दोन ठिकाणी पाणी ठेवलं, एक सपरीत एक मोरीजवळ, अन् बाहेर न्यायच्या वेळा वाढवल्या.

दुपारी वाळू इतकी तापते की हात ठेववत नाही, तिनं पाय टेकवले अन् उचलले अन् घरात पळाली. म्हणून जागा चार हात सरकवली, निंबाची सावली दुपारी जिथं पडते तिथं, जुनी वाळू थोडी त्यात मिसळून, म्हणजे वास तोच राहील. दुपारची वेळ आता मामाजींकडे आहे, ते आधी वाळूवर बादलीभर पाणी शिंपडतात, हात लावून पाहतात, मग तिला सोडतात.